पिकल्या पानांचे झाड

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही अनुवाद शिकवतो. काही वर्षांपूर्वी अंतर्गत चाचणीसाठी एक लहानसा इंग्रजी उतारा दिला होता. त्यात ऑटमचे वर्णन होते. पाने तांबडी होतात, वाऱ्यावर उडतात, रस्त्याच्या कडेला त्यांचे थर साचतात, अशा अर्थाची चार-पाच वाक्ये. मुलांनी त्याचे मराठी केले : 'शरद ऋतूत पाने लाल होतात व गळून पडतात.' प्रत्येक उत्तरपत्रिकेत शरदच होता. आम्हीही बरोबरची खूण करून पुढे जात होतो. दिवस संक्रांतीनंतरचे होते. प्राध्यापक-कक्षाच्या खिडकीबाहेर आवारातला देशी बदाम शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत लाल झाला होता. ज्या वर्गात मुलांनी ही चाचणी लिहिली त्या वर्गाच्या पायरीवर त्याची पाने पडलेली होती. ती तुडवत मुले आत गेली, शरद लिहून बाहेर आली. त्या उताऱ्याचा आणि त्या झाडाचा काही संबंध असेल असे कोणालाच वाटले नाही. आम्हालाही नाही, आणि ते झाड तर आम्हीच लावलेले होते.

या लेखाचे निमित्त एवढेच. आमचे म्हणणे असे की, झाडाची निगा आणि शब्दाची निगा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एखाद्या गोष्टीला आपण काय म्हणतो, यावर तिचे पुढे काय होणार हे बरेचसे ठरते. हे सिद्धान्त म्हणून वर्गात सांगणे सोपे असते. आमच्या बदामाने ते आम्हाला अनुभवाने शिकवले, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली.

आधी शरदाविषयी. ऑटमसाठी शरद हा प्रतिशब्द कालगणनेच्या दृष्टीने चुकीचा नाही. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने, आणि युरोपातला ऑटमही साधारण त्याच सुमाराचा. पण ऋतू म्हणजे केवळ महिने नव्हेत. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'तला शरद काशाच्या फुलांचा, निवळलेल्या पाण्याचा, हंसांचा, स्वच्छ चांदण्याचा आणि पिकल्या भाताचा आहे. पाऊस ओसरल्यावर धुऊन निघालेल्या सृष्टीचा तो ऋतू. कोजागरी त्याच्याच वाट्याला आली आहे. पानगळ ही त्याची ओळख नव्हे. आपल्याकडे पानगळीची सांगड शिशिराशी आहे, म्हणजे माघ-फाल्गुनाशी. मर्ढेकरांनी १९३९ साली आपल्या पहिल्या संग्रहाला 'शिशिरागम' हे नाव दिले, तेव्हा त्या एका शब्दात कोणती हवा आहे हे वाचकाला सांगावे लागले नाही. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. ते मराठी महिन्यांच्या अंगाने निसर्ग पाहते, आणि प्रत्येक महिन्याला त्याचे स्वतःचे रूप देते. म्हणजे पाहण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. ती अभ्यासक्रमात आहे. आम्हीच ती शिकवतो. फक्त अनुवादाच्या तासाला ती आमच्या उपयोगी पडली नाही.

दोन्हीकडच्या पानगळींची कारणेही भिन्न आहेत. तिकडे दिवस लहान होऊ लागतात, थंडी येऊ घातलेली असते आणि झाड तिच्या आधी आवरून घेते. इकडे झाड कोरड्या दिवसांची तयारी करते. पाऊस संपून महिने लोटलेले असतात, जमिनीतली ओल खाली गेलेली असते, आणि मोठ्या पानांतून उडणारे पाणी परवडेनासे होते. म्हणून आपली पानगळ शरदात न येता पौषापासून पुढे सरकत फाल्गुनापर्यंत जाते. हा फरक मुलांना सांगितला असता तर त्यांनी कदाचित 'पानगळीचे दिवस' असे लिहिले असते, कदाचित 'ऑटम' तसाच ठेवला असता. दोन्ही चालले असते. विचार न करता लिहिलेला शरद मात्र चालायला नको होता.

गंमत अशी की, ज्या लाल ऑटमची आपल्या मनावर छाप आहे तो इंग्रजी कवितेतलाही सार्वत्रिक नव्हे. युरोपातल्या झाडांची पानगळ बव्हंशी पिवळी असते. लाल रंगाचे वैभव उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आणि पूर्व आशियात अधिक. कीट्सने सप्टेंबर १८१९ मध्ये लिहिलेली 'टू ऑटम' ही कविता आमच्या इंग्रजी विभागातले सहकारी दरवर्षी शिकवतात. तिच्यात पानगळ नाही म्हटले तरी चालेल. तिच्यात फळे भरत आहेत, मधमाश्या आहेत, कापणी आहे. ती पिकण्याची कविता आहे. उलट जपानी साहित्यात लाल पानांची एक मोठी परंपराच आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या 'कोकिनशू' या संग्रहात ग्रीष्म आणि हिवाळा यांना एकेक खंड मिळाला आहे, तर वसंत आणि पानगळीचा ऋतू यांना प्रत्येकी दोन. तिथल्या मेपलला आणि पाने रंगण्याच्या क्रियेला 'मोमिजी' हा एकच शब्द चालतो. झाड आणि त्याचे रंगणे यांत त्या भाषेने अंतर ठेवले नाही.

मराठीने काय केले? मराठीत पान 'पिकते'. हे क्रियापद आपण इतके सहज वापरतो की त्यातले नवल आपल्याला दिसत नाही. आंबा पिकतो, शेत पिकते, केस पिकतात, आणि पानही पिकते. विड्याच्या पानाचे पिकणे म्हणजे तर त्याचे मोल वाढणे. वृद्ध माणसाला आपण पिकले पान म्हणतो, तेव्हा त्यात गळण्याची सूचना असते, पण कुजण्याची किंवा वाया जाण्याची नसते. वनस्पतिशास्त्र जे सांगते त्याच्या हे क्रियापद फार जवळ आहे. पान आपोआप मरत नाही. गळण्यापूर्वी झाड त्यातले हरितद्रव्य मोडते, नत्र आणि इतर कामाची द्रव्ये फांदीत परत ओढून घेते, आणि देठाच्या मुळाशी पेशींचा एक पातळ थर तयार करून पान मोकळे करते. पिवळा रंग आधीपासून पानात असतो, हिरवा हटल्यावर तो दिसतो. लाल रंग मात्र बहुधा या शेवटच्या दिवसांत नव्याने तयार होतो. जे पान टाकायचेच आहे त्यावर झाड हा खर्च का करते, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आवराआवर चालू असताना पानाचे प्रखर उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून, असे एक स्पष्टीकरण आहे. ते खरे असो वा नसो, पिकणे हा शब्द इथे मरण्यापेक्षा अधिक अचूक आहे.

आता झाडाकडे वळू. आमचे महाविद्यालय कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे मोकळे आवार. २०११ च्या पावसाळ्यात मराठी विभागातल्या आम्ही तिघांनी तिथे बदाम लावला. खाऱ्या वाऱ्याला न जुमानणारे, लवकर वाढणारे, सावली देणारे झाड हवे होते. त्याचे फळ समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्यांवर पोचते, वटवाघळेही ते उचलून नेतात. आम्ही वटवाघळांनी टाकलेली चार फळे उचलली, वरचा गर वाळल्यावर रात्रभर भिजवली आणि मातीच्या पिशव्यांत आडवी, अर्धवट दिसतील अशी पुरली. महिनाभराने दोन उगवली. त्यांतले एक शेळीने खाल्ले. उरलेले हे झाड.

बदाम हा ऐन, किंजळ, अर्जुन, हिरडा आणि बेहडा यांचा सख्खा भाऊबंद. शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया कटप्पा. पहिला शब्द फांदीच्या टोकाशी एकवटणाऱ्या पानांवरून आला, दुसरा मलय भाषेतल्या नावावरून. लिनियसने हे नाव दिले १७६७ साली. खऱ्या बदामाशी त्याचे काही नाते नाही, तरी आतली बारीक गिरी खाता येते. दगडाने बदाम फोडताना बोट चेचले नाही असे बालपण कोकणात विरळा. त्याची वाढ मात्र कोणाही भाऊबंदापेक्षा लक्षात राहण्याजोगी. खोड सरळ वर जाते, थांबते, चहूबाजूंना आडव्या फांद्यांचे एक वर्तुळ टाकते, पुन्हा वर जाते, पुन्हा वर्तुळ टाकते. मजल्यावर मजला चढावा तसे झाड उभे राहते. त्याची निगा राखायची म्हणजे मुख्यतः या मजल्यांच्या आड न येणे.

आम्हाला हे ठाऊक नव्हते, म्हणून आमच्या चुका सांगतो. पहिली चूक जागेची. इमारतीपासून बारा फुटांवर आम्ही ते लावले. निदान त्याच्या दुप्पट अंतर हवे होते, कारण आडव्या फांद्या पसरतात आणि मग छपराशी भांडण सुरू होते. दुसरी चूक पाण्याची. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही सुट्टीवर गेलो आणि रोप शिपाईमामांच्या भरवशावर राहिले. त्यांनी ते जगवले, हे त्यांचे श्रेय. पहिले दोन उन्हाळे अळ्यात पाणी आणि वर पाचोळ्याचे आच्छादन मिळाले की पुढे या झाडाला फारसे काही लागत नाही. तिसरी चूक प्रेमापोटी झाली. झाड पाच-सहा वर्षांचे असताना आम्ही वर्गणी काढून त्याच्याभोवती सिमेंटचा पार बांधला, बुंध्याला अगदी लागून. विद्यार्थ्यांनी बसावे, कविता वाचाव्यात, अशी आमची कल्पना. दोन वर्षांत पाराला तडे गेले आणि बुंध्यावर वळ उठला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटर परिघातले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. ती बातमी आम्ही वाचली होती. तरीही पार बांधला. तो शेवटी आम्हीच फोडला.

रंगाविषयी एक निरीक्षण नोंदवतो. झाडाची जी बाजू इमारतीच्या सावलीत असते तिथली पाने पिवळट, तपकिरी होऊन गळतात. उघड्या बाजूची, भर उन्हातली पाने शेंदरी, किरमिजी आणि काही तर जांभळट होतात. एकाच पानावर देठाकडे हिरवा आणि टोकाकडे लाल असेही दिसते. ज्यांना हे झाड रंगासाठी लावायचे आहे त्यांनी ते उघड्यावर लावावे. आणि पाने गळल्यावर झाड फार दिवस ओकेबोके राहत नाही. थोड्याच आठवड्यांत फांद्यांच्या टोकांना हिरवे, लुसलुशीत कोंब येतात. कुसुंबाची लालभडक पालवी, आंब्याची तांबूस पालवी, पिंपळाची गुलाबी पालवी पाहणाऱ्याला इथे एक उलटा क्रम दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक झाडांत लाल रंग येणाऱ्याचा असतो, बदामात तो जाणाऱ्याचा आहे. मराठी कवितेत पालवीला जे स्थान आहे ते पिकल्या पानाला का मिळाले नाही, याचे थोडे उत्तर बहुधा इथे असेल.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आवार झाडण्याचे काम एक मावशी करतात. एका जानेवारीत आम्ही त्यांना सांगितले, "मावशी, ही लाल पानं चार दिवस राहू द्या. छान दिसतात." त्या झाडू टेकवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही वर बघता तेव्हा छान दिसतात. मला ती खालीच भेटतात." यात टोमणा नव्हता. पण आमच्या सौंदर्यदृष्टीचा खर्च कोणाच्या कमरेतून निघतो, हे आम्हाला त्या वाक्याने कळले. बदामाचे पान वीतभर लांब आणि चामड्यासारखे जाड. ते पन्हाळीत अडकते, पावसात पायरीवर घसरवते, आणि लवकर कुजतही नाही. झाड लावणारे आम्ही आणि झाडणाऱ्या त्या, ही वाटणी न्यायाची नव्हती.

त्याच मावशींनी पुढे आणखी एक गोष्ट दिली. त्या या पानांना कधी कचरा म्हणत नाहीत. त्या 'पातेरा' म्हणतात. कोकणात वाळल्या पानांना हा शब्द आहे. त्यांच्या लहानपणी पातेरा गोळा करायला मुलांना रानात पाठवत. तो गोठ्यात गुरांखाली पसरत, भातरोपांच्या जागेवर भाजावळीसाठी घालत. पातेरा ही संपत्ती होती, तिच्यावरून शेजाऱ्यांत कुरबुरी होत. आमच्यापैकी दोघे याच जिल्ह्यात वाढलो. शब्द आम्हाला येत होता. पण महाविद्यालयाच्या फाटकातून आत शिरताना तो बाहेरच राहत असे.

मग एका वर्षी मूल्यांकनासाठी समिती येणार असे ठरले. आवार स्वच्छ दिसावे म्हणून परिपत्रक निघाले. त्यात एक कलम असे होते की, 'आवारातील कचरा करणाऱ्या झाडांची योग्य ती छाटणी करण्यात यावी.' हे वाक्य आम्ही तिघांनी वाचले, आणि सही करून पुढे पाठवले. मराठीचे तीन अध्यापक! 'कचरा करणारे झाड' हा शब्दप्रयोग आम्हाला खटकला नाही. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन माणसे आली आणि बदामाचे खालचे दोन मजले इमारतीच्या बाजूने उतरवून गेली. शेंडाही छाटला. समिती आली, पाहून गेली. झाडाविषयी तिने चांगले वा वाईट काहीही लिहिले नाही.

शेंडा छाटलेल्या बदामाची मजल्यांची घडण पुन्हा तशीच येत नाही. छाटलेल्या जागी पाच-सहा फुटवे एकाच वेळी गर्दी करतात आणि झाड झाडूसारखे दिसू लागते. शहरी भागातील वृक्षांच्या जतनासाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटले. आमचा बदाम त्या वयापासून फार दूर आहे. पण कायद्याने त्याला काय म्हणावे यापेक्षा आम्ही त्याला काय म्हणू दिले, हा प्रश्न आम्हाला अधिक बोचतो. त्या परिपत्रकात 'पातेरा गोळा करण्याची व्यवस्था करावी' असे असते तर कुऱ्हाड आली नसती. कदाचित एक टोपली आली असती.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि ते घ्यायला हवेत. पहिला आक्षेप पर्यावरणवाद्यांचा. आवारात बदाम कशाला, ऐन किंवा किंजळ का नाही? आक्षेप रास्त आहे. आज लावायचे झाल्यास आम्हीही आधी किंजळ लावू, आणि जागा उरली तर एक बदाम. पण उभे झाड तोडण्यासाठी हा युक्तिवाद वापरू नये. दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा. शब्द बदलल्याने झाडे वाचत नाहीत, हा भाबडेपणा झाला, असे ते म्हणतील. केवळ शब्दाने वाचत नाहीत हे खरेच. पातेरा म्हणायचे तर पातेऱ्याचे काही करावे लागते, नाहीतर तो शब्द केवळ मावशींच्या तोंडून उचललेला अलंकार ठरेल.

म्हणून आम्ही पुढे जे केले ते थोडक्यात सांगतो. आवाराच्या मागच्या कोपऱ्यात विटांचा एक हौद बांधला. पौष ते फाल्गुन आठवड्यातून एक दिवस तिसऱ्या वर्षाची मुले आणि आम्ही पाने गोळा करतो. मावशींकडे पायऱ्या आणि वाट एवढेच उरते. बाकीच्या जागेवरची पाने आठवडाभर पडू देतो. बदामाचे पान आख्खे टाकले तर वर्षभरही तसेच राहते, म्हणून मुले ती पायांनी तुडवून चुरतात आणि मध्ये शेण व माती यांचे थर घालतात. पावसाळ्यानंतर खत होते. ते बागेतल्या रोपांना जाते, थोडे मावशी परसातल्या अळूसाठी नेतात. इमारतीकडच्या पन्हाळीवर जाळी बसवली. शेंड्याच्या फुटव्यांपैकी एक सरळ फुटवा ठेवून बाकीचे काढले. त्याने गेल्या वर्षी आडव्या फांद्यांचे एक लहानसे वर्तुळ टाकले आहे. पूर्वीची घडण परत येईल की नाही ते पाहायचे.

अनुवादाच्या तासालाही एक बदल केला आहे. तोच उतारा आम्ही आता जानेवारीत देतो, आणि लिहिण्याआधी वर्गाला दहा मिनिटे बाहेर पाठवतो. यंदा एका मुलीने ऑटमसाठी एक शब्द न शोधता 'पाने पिकू लागली तेव्हा' अशी सुरुवात केली. दुसऱ्या एकाने शरदच लिहिला आणि समासात कंसात प्रश्नचिन्ह टाकले. आम्ही दोघांनाही सारखे गुण दिले.